अमेरिकेत नव्याने आलात? टिप कुणाला, किती आणि कधी द्यायची

शिकायला अमेरिकेत आले त्या पहिल्याच आठवड्यात आम्ही आठ जण एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. कुणाला कांदा नको, कुणाला अंडं चालत नाही, दोघांना तिखट हवं. आमची ऑर्डर घेणाऱ्या मुलीने सगळं नीट लिहून घेतलं. पाण्याचे ग्लास रिकामे होण्याआधी ती भरत होती. बिल कर धरून १६४ डॉलर झालं. आम्ही १७० गोळा केले आणि सहा डॉलर जास्तीचे ठेवले, या समाधानात उठलो. दारापर्यंत ती मागे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझं काही चुकलं का?" आम्ही म्हटलं, "नाही नाही, सगळं छान होतं." आणि निघालो.

तिने काय विचारलं होतं ते कळायला मला दोन महिने लागले. माझी शेजारीण तेव्हा एका रेस्टॉरंटमध्ये सर्व्हर, म्हणजे टेबलावर ऑर्डर घेणारी आणि वाढणारी, होती. तिला हा प्रसंग सांगितल्यावर तिने हिशोबच मांडून दाखवला. बऱ्याच ठिकाणी सर्व्हरला आपल्या एकूण विक्रीच्या काही टक्के रक्कम बारटेंडर, टेबल आवरणारे आणि ताटं आणून देणारे यांना द्यावी लागते. याला 'टिप-आउट' म्हणतात. ही रक्कम मिळालेल्या टिपवर नाही, तर विक्रीवर मोजतात. दीडशे डॉलरच्या विक्रीवर चार टक्के म्हटले तरी सहा डॉलर. म्हणजे आमच्या टेबलापायी त्या मुलीच्या हाती काहीच उरलं नव्हतं, आणि आम्ही दीड तास तिला राबवलं होतं.

ते अजूनही माझ्या मनाला लागून आहे. अमेरिकेत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून, नोकरीसाठी आलेल्यांकडून आणि मुलांकडे राहायला येणाऱ्या आई-बाबांकडून तीच चूक होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. उलट्या बाजूची चूकही मी केली आहे. दोनदा टिप देऊन बसले आहे. तीही पुढे येईलच.

१. आधी पगाराचं गणित समजून घ्या

आपल्या मनात टिप म्हणजे बक्षिशी. काम आवडलं, मन खूश झालं, म्हणून वरून दिलेले पैसे. अमेरिकेतल्या रेस्टॉरंटमध्ये ही समजूत बाजूला ठेवा. तिथे टिप हा पगाराचाच एक भाग धरला जातो आणि तो गिऱ्हाइकाच्या टिपवर सोडायची मुभा बऱ्याच राज्यांत कायद्याने मालकाला दिलेली आहे.

देशपातळीवरचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि २००९ पासून त्यात बदल नाही. पण ज्यांना नेहमी टिप मिळते अशा कामगारांना मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालतं. हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. मधला ५.१२ डॉलरचा फरक टिपमधून भरून निघेल असं धरलं जातं. त्याला 'टिप क्रेडिट' म्हणतात. टिप कमी पडली तर उरलेली रक्कम मालकाने भरायची, असंही कायदा सांगतो. पण हा हिशोब आठवड्याच्या सगळ्या तासांवर होतो. त्यामुळे मंगळवारची कोरडी दुपार शनिवारच्या गर्दीत मिसळून जाते आणि मालकाला सहसा काही भरावं लागत नाही.

राज्याराज्यांत फरक आहे. टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, इंडियाना इथे २.१३ चाच दर चालतो. उलट कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिट नाहीच. तिथे सर्व्हरलाही राज्याचं पूर्ण किमान वेतन मिळतं. तुम्ही कुठल्या राज्यात उतरला आहात ते एकदा पाहून ठेवा.

मग कॅलिफोर्नियात कमी टिप द्यावी का? हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. टेबलावर बसून जेवताना तिथेही रीत तीच आहे, आणि तिथल्या घरभाड्यापुढे किमान वेतन तोकडंच पडतं. मी तिथेही तेवढीच टिप देते. काउंटरवर टिप मागणाऱ्या स्क्रीनला मात्र अशा राज्यांत मी जास्त मोकळ्या मनाने नकार देते.

ही पद्धत अमेरिकेत पहिल्यापासून सर्वमान्य होती असं समजू नका. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपवर बंदी घातली होती आणि पाठोपाठ आणखी काही राज्यांनी तसे कायदे केले. १९२६ पर्यंत ते सगळे रद्द झाले. टिपवर जगायला लावण्याचा इतिहास वेदनादायक आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना पोर्टर म्हणून घेतलं. पगार तुटपुंजा ठेवला, बाकी प्रवाशांच्या टिपवर सोडलं. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांची संघटना उभी राहिली आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ साल उजाडलं. अलीकडे न्यूयॉर्कमधले रेस्टॉरंट व्यावसायिक डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्याकडे टिप बंद करून किमती वाढवल्या होत्या. २०२० मध्ये त्यांनाही ते मागे घ्यावं लागलं. त्यामुळे ही पद्धत तुम्हाला पटो न पटो, एका टेबलावर टिप न ठेवून ती बदलत नाही. पैसे मालकाचे जात नाहीत, समोरच्या माणसाचे जातात.

२. जवळ काय असावं

- एक आणि पाच डॉलरच्या नोटा. एटीएममधून बहुतेक वेळा वीसच्या नोटा निघतात. बँकेत काउंटरवर जाऊन वीस डॉलरचे सुट्टे मागितले की लगेच मिळतात. हॉटेल आणि विमानतळासाठी हे फार लागतं.
- फोनमधला कॅल्क्युलेटर. बिलापुढे बसून हिशोब करण्यात कमीपणा काही नाही, सगळेच करतात.
- क्रेडिट किंवा डेबिट कार्ड, आणि बँकेच्या ॲपमध्ये खर्चाची सूचना चालू केलेली.
- एक पेन. सही करायला दिलेलं पेन बऱ्याचदा चालत नाही.
- हॉटेलात राहणार असाल तर दोन-चार कोरी पाकिटं.

३. टेबलावर बसून जेवताना

इथे टिप द्यायचीच. यात 'आवडलं तर' नाही. करापूर्वीच्या रकमेवर १५ ते २० टक्के असा दर आहे आणि मोठ्या शहरांत १८ ते २० धरून चालतात. पण एक सांगते. प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ५७ टक्के अमेरिकन लोकांनी बसून घेतलेल्या साध्या जेवणावर १५ टक्के किंवा त्याहून कमी टिप देऊ असं सांगितलं होतं. म्हणजे विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये १५ टक्के ठेवून उठलात तर मान खाली घालायचं कारण नाही. चांगली सेवा मिळाली आणि परवडत असेल तर २० द्या.

हिशोब सोपा आहे. करापूर्वीची रक्कम बघा. दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवा, म्हणजे १० टक्के. दुप्पट केलं की २० टक्के. ४८.६० डॉलरचं जेवण असेल तर १० टक्के ४.८६, दुप्पट ९.७२, म्हणजे सरळ १० डॉलर ठेवा. न्यूयॉर्क शहरात लोक बिलावरच्या कराची दुप्पट करतात, कारण तिथे कर ८.८७५ टक्के आहे आणि दुप्पट केली की १८ च्या जवळ जाते. ही युक्ती दुसऱ्या शहरात डोळे झाकून वापरू नका. ओरेगनमध्ये विक्रीकरच नाही, तिथे शून्याची दुप्पट शून्यच येईल.

कूपन किंवा सवलत वापरली असेल तर टिप मूळ रकमेवर मोजा. ६० डॉलरचं जेवण कूपनमुळे ३० ला मिळालं, तरी सर्व्हरने ताटं ६० डॉलरचीच वाहिली. बुफे असेल तर माणशी एक-दोन डॉलर किंवा १० टक्के पुरेत. तिथेही प्याले भरणारे आणि ताटं उचलणारे असतातच. बारमध्ये पेयामागे एक-दोन डॉलर, आणि एकत्र हिशोब ठेवला असेल तर शेवटी १५ ते २० टक्के.

आता पैसे कसे द्यायचे, कारण नवखा माणूस खरा गोंधळतो तो इथेच.

बिल इथे 'चेक' म्हणून मागतात. ते एका छोट्या फोल्डरमध्ये येतं. आधी पूर्ण वाचा, मग त्यात कार्ड ठेवा. सर्व्हर कार्ड घेऊन आत जाते. यात घाबरण्यासारखं काही नाही, इथली रीतच तशी आहे. ती परत येते तेव्हा दोन पावत्या असतात. एक दुकानाची, 'मर्चंट कॉपी', आणि एक तुमची, 'कस्टमर कॉपी'. दुकानाच्या प्रतीवर 'टिप' या ओळीत रक्कम लिहा, बेरीज करून 'टोटल' लिहा, सही करा आणि ती प्रत टेबलावर ठेवून या. तुमची प्रत घरी न्या. मी पहिल्या खेपेला सही केलेली प्रतच खिशात घालून आले होते, म्हणजे त्या सर्व्हरला लिहिलेली टिपही मिळाली नसणार.

आपण वरून शेंडी काढून १ लिहितो, तो इथे ७ वाचला जाऊ शकतो. इथे १ म्हणजे नुसती उभी रेघ. टोटल स्पष्ट लिहा. टिप रोख ठेवणार असाल तर टिपच्या ओळीत 'कॅश' असं लिहा किंवा आडवी रेघ मारा आणि टोटलमध्ये बिलाचीच रक्कम लिहा. ओळ कोरी सोडू नका.

बँकेच्या ॲपमध्ये आधी टिपशिवायची रक्कम दिसते आणि दोन-तीन दिवसांनी टिप धरून पक्की होते. हा गैरप्रकार नाही. पक्की झालेली रक्कम तुमच्या प्रतीशी जुळते का, ते मात्र पाहा. म्हणून ती प्रत तोवर टाकू नका. टिपची रक्कम तिच्यावरही लिहून ठेवा.

आता दोनदा टिप देण्याचा सापळा. सहा किंवा जास्त माणसं असतील तर बरीच रेस्टॉरंट १८ किंवा २० टक्के टिप स्वतःच बिलात घालतात. बिलावर 'ग्रॅच्युइटी' किंवा 'ऑटो-ग्रॅच' असा शब्द दिसतो. तरीही खाली टिपची ओळ कोरी असतेच. एका वाढदिवसाला मी त्या कोऱ्या ओळीत आणखी २० टक्के भरले आणि घरी आल्यावर पावती वाचली. तेव्हापासून सातआठ जण असलो की बिल मी दोनदा वाचते. ग्रॅच्युइटी आधीच घातलेली असेल तर वरून काही द्यायची गरज नाही.

'सर्व्हिस चार्ज', 'किचन फी', 'वेलनेस फी' अशा नावाच्या ओळी वेगळ्या. कर खात्याच्या नियमानुसार गिऱ्हाइकाने स्वतःच्या मर्जीने, स्वतः ठरवून दिलेली रक्कमच टिप. सक्तीने लावलेली रक्कम मालकाचं उत्पन्न ठरते आणि ती पुढे कुणाला वाटायची ते बहुतेक राज्यांत मालक ठरवतो. अशा वेळी सर्व्हरलाच साधेपणाने विचारा, "हे पैसे तुम्हाला मिळतात का?" मी अनेकदा विचारलं आहे, कुणालाही राग आलेला नाही. 'हो' म्हणाली तर थांबा, 'नाही' म्हणाली तर नेहमीसारखी टिप द्या.

बिल वाटून घेताना टिप हरवते. प्रत्येक जण आपल्या पदार्थाचे पैसे पाठवतो आणि कर व टिप कुणाच्याच वाट्याला येत नाही. पैसे गोळा करणाऱ्याने आधी कर आणि टिप धरून एकूण आकडा काढावा आणि मगच भागावा. वेगवेगळी बिलं हवी असतील तर ऑर्डर देतानाच सांगा. शेवटी आठ कार्डं हातात ठेवणं म्हणजे गर्दीच्या वेळी तिची दहा मिनिटं घेणं.

सेवा वाईट असेल तर? जेवण उशिरा आलं, भाजी खारट झाली, हे स्वयंपाकघराचं. त्यासाठी सर्व्हरचे पैसे कापू नका. मॅनेजरला बोलावून सांगा, बहुतेक वेळा तो पदार्थ बिलातून काढून टाकतात. सर्व्हर स्वतः उद्धट वागली, तर १० टक्क्यांवर या आणि कारण मॅनेजरला सांगा. काहीच न ठेवता निघून गेलात तर विसरलात की रागावलात हे कुणाला कळत नाही, आणि त्या टेबलाचं टिप-आउट तिला भरावंच लागतं.

४. काउंटर आणि तुमच्याकडे फिरवलेला स्क्रीन

कॉफी घेतली, पावाचं पुडकं घेतलं, आणि समोरचा माणूस टॅबलेट तुमच्याकडे वळवून म्हणतो, "हे तुम्हाला एक प्रश्न विचारेल." प्रश्न असतो १८, २० की २५ टक्के. मागे रांग उभी असते आणि नवखा माणूस भीतीने मधलं बटण दाबतो.

गोंधळलेले तुम्ही एकटे नाही. प्यूच्या त्याच पाहणीत ७२ टक्के लोकांनी सांगितलं की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिपची अपेक्षा दिसते.

माझी कसोटी एकच: हा माणूस टिप धरून ठरवलेल्या कमी पगारावर काम करतो का, आणि त्याने माझ्यासाठी खास काही केलं का? काउंटरवर रोख घेऊन पुडकं हातात देणाऱ्याला सहसा तासाचं पूर्ण वेतन मिळतं. तिथे 'नो टिप' दाबणं हा अपमान नाही. कॉफी बनवून देणाऱ्याला, नेहमी जात असाल तर, एक डॉलर किंवा सुटी नाणी. पार्सल न्यायला गेलात तर ऐच्छिक आहे. मोठी ऑर्डर असेल आणि कुणी दहा डबे तपासून, बांधून, गाडीपर्यंत आणून दिले असतील तर पाच-दहा टक्के जरूर द्या. स्वतः उचलून स्वतःच स्कॅन करायच्या दुकानात यंत्राने टिप मागितली तर सरळ नाही म्हणा.

स्क्रीनवर 'कस्टम' आणि 'नो टिप' ही बटणं बारीक अक्षरांत, खाली कोपऱ्यात असतात. घाई करू नका, शोधा. आणि स्क्रीनवरचे टक्के बऱ्याच ठिकाणी करासकट रकमेवर काढलेले असतात.

५. घरपोच जेवण आणि किराणा

इथे टिप द्यायचीच, आणि ती आधी द्यायची. अनेक ॲपमध्ये ड्रायव्हरला ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी एकूण अंदाजे मोबदला दिसतो आणि त्यात तुमची टिप धरलेली असते. शून्य टिपची ऑर्डर एकामागून एक ड्रायव्हर नाकारतात आणि तुमचं जेवण रेस्टॉरंटच्या फळीवर थंड होत बसतं. नवीन आलेली मुलं मला म्हणतात, "ॲप खराब आहे, दीड तास लागतो." मी विचारते, टिप किती टाकली होतीस?

१५ ते २० टक्के, पण ऑर्डर लहान असली तरी चार-पाच डॉलरच्या खाली नको. बारा डॉलरच्या जेवणासाठीही ड्रायव्हर तितकाच रस्ता कापतो, आणि पेट्रोल व गाडीची झीज त्याच्याच खिशातून जाते. बर्फ पडत असेल, चौथा मजला असेल, लिफ्ट नसेल, तर वाढवा. किराणा आणून देणाऱ्याने तुमची यादी घेऊन पाऊण तास दुकानात काढलेला असतो, तिथे मी २० टक्क्यांच्या खाली जात नाही.

'डिलिव्हरी फी' आणि 'सर्व्हिस फी' म्हणजे टिप नव्हे. त्या कंपनीला जातात. ऑर्डर लवकर घेतली जावी म्हणून मोठी टिप दाखवायची आणि सामान पोचल्यावर ती कमी करायची, असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. काही ॲपमध्ये ते करता येतं. कृपया करू नका, कुणाला खोटा पगार दाखवून कामाला बोलावण्यासारखंच ते आहे.

ॲपमधून दिलेली टिप खरंच पोचते का, ही शंका रास्त आहे. २०२१ मध्ये ॲमेझॉनने आपल्या 'फ्लेक्स' ड्रायव्हरांच्या टिपचा काही भाग स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेशी तडजोड केली आणि ६ कोटी १७ लाख डॉलर भरले. तो पैसा ड्रायव्हरांना द्यायचा होता. सुटे असतील तर दारात रोख दिलेली नोट केव्हाही चांगली. फक्त मग ॲपमध्येही थोडी टिप टाकून ठेवा, नाहीतर ऑर्डर कुणी घेणारच नाही.

६. प्रवासात

टॅक्सीला १५ ते २० टक्के. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीत स्क्रीनवरची पहिलीच बटणं २०, २५, ३० अशी असतात, तिथे रक्कम स्वतः टाइप करता येते. उबरने ॲपमध्ये टिपची सोय २०१७ मध्ये केली. तिथे टिप पूर्ण ड्रायव्हरला जाते. बॅगा उचलून ठेवल्या, पहाटे चारला वेळेवर आला, तर तीन ते पाच डॉलर द्या.

आई-बाबा भारतातून येतात तेव्हा आपण त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागतो. ती सोय कायद्याने मोफत आहे. पण खुर्ची ढकलणारे बहुतेक जण कंत्राटी कामगार असतात. इमिग्रेशनच्या रांगेतून, पट्ट्यावरून बॅगा उचलून ते तास-दीड तास सोबत असतात. त्यांना पाच ते दहा डॉलर द्यावेत. आई-बाबांच्या पासपोर्टच्या पिशवीत आधीच पाचच्या दोन-तीन नोटा ठेवून द्या आणि फोनवर समजावून सांगा. माझ्या आईजवळ पहिल्या खेपेला शंभराची एकच नोट होती. त्या भल्या माणसाचे आभार मानण्यापलीकडे तिला काही करता आलं नाही, आणि पुढे दोन दिवस ती तेच बोलत होती.

हॉटेलात खोली साफ करणाऱ्यांचा सगळ्यांनाच विसर पडतो, कारण त्या दिसत नाहीत. रोज दोन ते पाच डॉलर ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण रोजची व्यक्ती वेगळी असू शकते. पाकिटावर 'हाउसकीपिंग, थँक यू' असं लिहा. नुसती टेबलावर पडलेली नोट पाहुण्याची राहिलेली वस्तू समजून त्या हात लावत नाहीत. सामान खोलीपर्यंत आणणाऱ्याला बॅगेमागे दोन डॉलर, गाडी लावून देणाऱ्या वॅलेला गाडी परत आणल्यावर दोन ते पाच डॉलर, मोफत शटलच्या ड्रायव्हरने बॅगा चढवल्या तर एक-दोन डॉलर.

७. केस, नखं, घर बदलणं

केस कापणं, आयब्रो, नखं, मालिश यांना १५ ते २० टक्के. केस धुणारी वेगळी असेल तर तिला दोन-तीन डॉलर हातात. मालकिणीने स्वतः केस कापले तर टिप नको, असा जुना संकेत होता, आता बऱ्याच जणी घेतात. विचारलं तरी चालतं.

सामान हलवणाऱ्यांना माणशी २० ते ५० डॉलर, जिने आणि तास बघून, आणि प्रत्येकाच्या हातात वेगळे. पाण्याच्या बाटल्या जरूर द्या. सोफा किंवा फ्रिज पोचवणाऱ्यांना माणशी पाच ते वीस. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, केबलवाला यांना टिपची अपेक्षा नसते, त्यांचा दर त्यांनी पूर्ण लावलेला असतो.

८. जिथे टिप देऊच नये

विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी, परवाना कार्यालयातले कारकून, पोलीस, कुठलाही सरकारी कर्मचारी. त्यांच्यापुढे नोट धरलीत तर ती लाच ठरू शकते आणि व्हिसावर असलेल्या माणसाने हा धोका अजिबात पत्करू नये. पोस्टमनला रोख पैसे घेता येत नाहीत. एका वेळी २० डॉलरपर्यंतची भेटवस्तू चालते, आणि एका घरातून वर्षभरात ५० डॉलरपेक्षा जास्त नाही. डॉक्टर, नर्स, शिक्षक यांनाही टिप नसते. आभाराचं पत्र लिहा, ते खरंच जपून ठेवतात.

९. डिसेंबरची पोस्त

दिवाळीला आपण घरकामाच्या मावशींना, पेपरवाल्याला पोस्त देतो ना, तसंच इथे डिसेंबरमध्ये असतं. घर साफ करायला येणाऱ्या बाईंना एका वेळच्या कामाइतके पैसे, मूल सांभाळणारीला एका आठवड्याचा पगार, अशी साधारण रीत आहे. न्यूयॉर्कसारख्या शहरात इमारतीचा दारवान आणि देखभाल करणारा 'सुपर' यांनाही पाकीट देतात. किती, ते शेजाऱ्यांना विचारा. नव्या कोऱ्या नोटा आणि हाताने लिहिलेल्या दोन ओळी एवढं पुरतं. भाडेकरू म्हणून पहिलंच वर्ष असेल तर कमी दिलं तरी कुणी मोजत नाही.

१०. तुम्हीच टिपवर काम करत असाल तर

कामाचा परवाना मिळाल्यावर अनेक जणी पहिली नोकरी रेस्टॉरंटमध्ये किंवा सलूनमध्ये करतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

२०१८ च्या कायद्यानुसार मालक, मॅनेजर किंवा सुपरवायझर तुमच्या टिपमधला वाटा स्वतःसाठी घेऊ शकत नाहीत. सहकाऱ्यांत वाटणी करायला लावणं कायदेशीर आहे, मॅनेजरने खिशात घालणं नाही. तसं होत असेल तर अमेरिकेच्या श्रम विभागाच्या 'वेज अँड अवर डिव्हिजन'कडे तक्रार करता येते. तिथे तुमचा व्हिसा कुठला, हे तक्रार नोंदवण्याच्या आड येत नाही.

महिन्यात २० डॉलर किंवा जास्त टिप मिळाली तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला लेखी कळवायची असते. रोख मिळालेलीही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिपच्या उत्पन्नातून वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत वजावट दिली आहे. ती केंद्राच्या आयकरापुरती आहे, आणि गिऱ्हाइकाने स्वेच्छेने दिलेल्या टिपलाच लागू होते. सक्तीचा सर्व्हिस चार्ज त्यात बसत नाही. टिप कळवणं मात्र या सवलतीमुळे थांबत नाही.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. माझ्या शेजारणीच्या वहीत पाच रकाने होते: तारीख, तास, कार्डावरची टिप, रोख टिप आणि दुसऱ्यांना दिलेलं टिप-आउट. रात्री घरी आल्यावर बूट काढायच्या आधी ती वही भरायची. पगाराच्या चिठ्ठीत दोन वेळा आकडा चुकला, आणि दोन्ही वेळा वही पुढे ठेवल्यावर तिचे पैसे परत मिळाले.